आजोबांचा पहिला हिवाळा

१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

दादाला जाऊन दोन महिने झाले आणि नणंदेला आत्ता कुठे पत्र लिहायला सवड झाली, असं तू म्हणालीस तर मला ऐकून घ्यावं लागेल. सवड होती, तोंड नव्हतं. फोन दोनदा केला. दोन्ही वेळा आपण नुसत्या एकमेकींचा श्वास ऐकत बसलो आणि तू म्हणालीस, "ठेवते, दूध वर येतंय." म्हणून लिहिते आहे. वरातीमागून घोडं म्हण हवं तर.

निरोप आला त्या दिवशी मी निघाले होते. तिकीट काढलं, फलाटावर गेले, बाकावर बसले. गाडी आली, दोन मिनिटं थांबली आणि गेली. मी बाकावरच. घर माणसांनी भरलेलं असणार, आणि ती सगळी तीच माणसं ज्यांनी सहा वर्षांपूर्वी माझं ते वाक्य ऐकलं होतं. बाबा शिडीवरून पडून गेले, अजून त्यांना न्यायचंही होतं, आणि मी सगळ्यांच्या देखत दादाला म्हणाले, "तुझ्यामुळे गेले बाबा. शिडी तू दिलीस त्यांना." अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हट्टी माळ्याला शिडी कोण देतं आणि कोण नाकारू शकतं, हे मलाही कळत होतं. पण जिभेला हाड नसतं. दादाने मला लहानपणी मिरची नाव ठेवलं ते काही रंगावरून नव्हे. त्यावर तो एक अक्षर बोलला नाही. नंतर सहा वर्षं मी बोलले नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. या मार्चमध्ये मी त्याला खोक्यातून एक रोप पाठवलं होतं. संग्रहालयाच्या तळघरात मी काय करते हे तुला कधी नीट सांगितलं नाही. दगड येतात, मी सुई आणि ब्रशने त्यांतली पानं मोकळी करते, नंबर घालते आणि खणात ठेवते. एका कपाटाचे अकरा खण एकाच जातीच्या झाडाचे आहेत. देवदाराच्या गोतावळ्यातलं झाड, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं. शास्त्रज्ञांनी ते दगडातच पाहिलं, दगडात पाहूनच नाव दिलं, वंश बुडाला असं धरलं, आणि थोड्याच वर्षांत दूरच्या एका दरीत ते जिवंत उभं सापडलं. आमच्याकडे दालनात ठेवायला त्याची तीन रोपं आली. दोन दालनात गेली, एक उरलं, ते मी मागून घेतलं.

सोबत चिठ्ठी होती. "दादा, मी चुकले. हे रोप लाव नाहीतर फेकून दे, तुझी मर्जी. लावलंस तर तू मला माफ केलंस असं मी समजेन." मार्च गेला, एप्रिल गेला. ऑगस्टपर्यंत मी रोज टपाल बघितलं. मग निरोपच आला.

वहिनी, त्याने ते लावलं का? एवढंच सांग. आणि काही म्हणाला का?

तुझी,
मिरची


२ नोव्हेंबर

प्रिय मिरची,

दूध खरंच वर येत होतं. दोन्ही वेळा. एकदा तर उतूही गेलं.

तू आली नाहीस याचा मला राग आला होता हे लपवत नाही. फलाटावरचं वाचलं आणि अर्धा गेला. अर्धा ठेवून घेतला आहे, भेटशील तेव्हासाठी. तुझा भाऊ कामावरच, बागेतल्या शेडमध्ये गेला. पालथ्या घातलेल्या कुंडीवर बसले होते, पाठ भिंतीला टेकवून. बाकीचे माळी म्हणाले, मुकादम जरा टेकलेत, उठवू नका. अर्धा तास कुणी उठवलं नाही. डॉक्टर म्हणाले, उठवलं असतं तरी उपयोग नव्हता. मी त्यांच्या सदऱ्याला बटण लावून ठेवलं होतं, तो तसाच शिवणाच्या मशीनवर आहे.

लावलं. तुझं खोकं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी लावलं. मागच्या अंगणात, टाकीची भिंत आणि कपडे वाळत घालायची दोरी यांच्या मधोमध. मी म्हटलं, दुसरी जागा नाही का? तर म्हणाले, इथेच ऊन सारखं आहे, तुझे परकर सरकव. गुडघ्याएवढं रोप आणि नाव ठेवलं आजोबा. "वय बघ त्यांचं, उगीच अरेतुरे करू नकोस," म्हणाले. झाडपाल्यातलं मला काही कळत नाही हे तुला माहीत आहे. त्यांनी लावायचं आणि मी बादली घेऊन जाताना अडखळायचं, अशी आमची वाटणी. आता ते माझ्या खांद्याला लागेल एवढं आहे.

काय म्हणाले ते मात्र पत्रात लिहिणार नाही. ये, मग सांगेन.

तुझी,
वहिनी


२० डिसेंबर

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र मी बरेच दिवस उलटसुलट वाचत होते. लावलं म्हणतेस, ते वाचून पहिले दोन दिवस मी तळघरात गाणं म्हणत होते, शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चौकशी केली. मग पुढची ओळ टोचायला लागली. काय म्हणाला ते लिहिणार नाही म्हणजे काय? चांगलं काही असतं तर तू लिहिलं असतंस. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून बघते आहे, कुणाचंही वाईट तू पदराखाली झाकतेस आणि वर म्हणतेस, अगं, तसं नाही. बाबा आत मला नापास म्हणून नावं ठेवत असले की तू बाहेर येऊन सांगायचीस, ते तुझं कौतुकच करत होते.

म्हणून एकच विचारते. आजोबा या दिवसांत कसे दिसतात? पानं कशी आहेत? अंगणात जा, नीट बघ आणि जसं दिसेल तसं लिही. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी,
मिरची


६ जानेवारी

प्रिय मिरची,

ही काय परीक्षा घेतेस? बरं, घे. नीट बघून लिहिते आहे.

आजोबा ठणठणीत आहेत. हिरवेगार. इथे थंडी मरणाची आहे, मी दोन शाली घेऊन मशीनवर बसते, पण म्हाताऱ्याला काही नाही. पानं दाट आहेत, गडद हिरवी, सुयांसारखी. हात लावला तर टोचतात. एकही पान पिवळं नाही. तुझ्या भावाच्या हाताला गुण होता हे तर सगळं गावच म्हणतं. परवा शेजारीण म्हणाली, काय छान झाड आहे हो.

काळजी करू नकोस. आणि उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा एकदा ये. गाडी त्याच फलाटावर येते अजून.

पोलक्यांचं काम खूप आलं आहे. डोळे दुखतात. सुईत दोरा ओवायला समोरच्या मुलीला हाक मारावी लागते.

तुझी,
वहिनी


१५ जानेवारी

दादा,

हे पत्र पाकिटात घालणार नाही. घालून करू काय.

वहिनीचं पत्र आलं. लिहिते, हिरवेगार. दाट. टोचतात. तू असतास तर हसला असतास, कारण तू माळी होतास आणि हे तुला माहीत असणार. या झाडाचे बहुतेक भाऊबंद बारा महिने हिरवे असतात. हे निराळं. थंडी आली की तांबडं होतं आणि सगळं उतरवून ठेवतं. जानेवारीत त्याची नुसती काठी असते. माझे अकरा खण त्या गळलेल्या पानांनीच भरले आहेत. आणि ती पानं टोचत नाहीत. पिसासारखी मऊ असतात.

म्हणजे अंगणात जे आहे ते माझं झाड नव्हे. वहिनी खोटं बोलणारी नाही, तिला झाडातलं कळत नाही. तू माझं रोप फेकून दिलंस आणि तिथे दुसरंच काहीतरी हिरवं लावलंस. तिला म्हणाला असशील, हेच ते. तिला वाईट वाटू नये म्हणून. किंवा मला. आणि जे म्हणालास ते तिला लिहवत नाही.

मी चिठ्ठीत लिहिलं होतं, फेकून दे, तुझी मर्जी. तर तू मर्जीप्रमाणे केलंस. याचा मला राग येता कामा नये. पण येतो आहे. सहा वर्षांनी पहिल्यांदा मान खाली घातली होती रे मी.


१ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. झाडाविषयी मला जे कळायचं ते त्यातून कळलं. कसं कळलं ते विचारू नका.

तरी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आहे. १६ तारखेला, रविवारी सकाळच्या गाडीने येते. संध्याकाळी परत निघेन, जेवायला थांबणार नाही. अंगणात काय आहे आणि काय नाही हे मला बघताक्षणी कळेल, त्यामुळे सांभाळून घेण्याची तसदी घेऊ नका. मला फसवलेलं आवडत नाही. मी काय बोलू शकते हे तुम्ही एकदा ऐकलेलं आहे.


१५ फेब्रुवारी

वहिनी,

उद्या येत नाही. संग्रहालयात काम निघालं. ही चिठ्ठी तुम्हाला रविवार उलटल्यावर मिळेल, हे मला ठाऊक आहे.


५ मार्च

वन्सं,

तुम्ही मला "तुम्ही" केलंत म्हणून मीही करून बघितलं. दोन ओळींपुढे जात नाही. तेव्हा मिरची, ऐक.

रविवारी सकाळी सातला मी तयार होऊन बसले होते. गाडीची वेळ झाली, ती टळून गेली. फाटकाचा आवाज आला तो गॅसवाल्याचा. बारा वाजता मी तुझी भाजी झाकून ठेवली. जेवणार नाही म्हणाली होतीस, तरी केली होती. चिठ्ठी मंगळवारी आली. तोवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आजोबा हिरवे नव्हते. मी खोटं लिहिलं. तुला पहिलं पत्र टाकलं आणि आठवड्याभरात त्यांची पानं तांबूस झाली, मग विटेसारखी, मग गळायला लागली. एकेक पान नव्हे, बारीक काड्याच्या काड्या, पानांसकट. रोज झाडून काढायचे, रोज तेवढ्याच पडायच्या. महिनाअखेर नुसती काठी उरली. आणि तुझं पत्र आलं, पानं कशी आहेत, नीट बघून लिही.

काय लिहिणार होते मी? ते गेल्यावर दीड महिना मी मागचं दार उघडलंच नव्हतं. कपडे घरात वाळत घालत होते. पाणी कोण घालणार? त्यांच्या हातचं शेवटचं झाड मी तहानेने मारलं, असंच मला वाटलं. आणि तुला कळलं तर तू काय म्हणशील ते मला आधीच ऐकू येत होतं. त्या दिवशी मी त्याच खोलीत उभी होते ना गं. तुझं ते वाक्य तुझ्या भावाने सहा वर्षं जवळ बाळगलं. जेवता जेवता थांबायचे आणि म्हणायचे, "शिडी मीच दिली होती, हे खरं आहे." मला ते वाक्य नको होतं. म्हणून मी त्यांच्या कामाच्या बागेत गेले, तिथल्या कुठल्याशा हिरव्या झाडासमोर उभी राहिले आणि त्याचं वर्णन तुला लिहून पाठवलं. टोचतं का तेसुद्धा हात लावून बघितलं. शेजारीण काही म्हणाली नव्हती. ते मी पदरचं घातलं.

मग तुझं "येते" आलं. बुधवारी मी ते कापलं, मुळं खणून काढली आणि नर्सरीतून मोरपंखीचं रोप आणून त्याच जागी लावलं. दगडातलं पान ओळखणाऱ्या बाईला मोरपंखी ओळखू येणार नाही असं मला वाटलं, यावरून माझी अक्कल बघ.

आता ते काय म्हणाले ते. लावून झाल्यावर मी म्हटलं, तिला दोन ओळी लिहा, ती वाट बघत असेल. म्हणाले, "लिहीन, पण हिवाळा जाऊ दे. एक हिवाळा निघाल्याशिवाय माळ्याने झाड लागलं म्हणू नये. आज लिहिलं आणि उद्या मेलं, तर तिला वाटेल मी मुद्दाम मारलं. पुढच्या मार्चमध्ये पालवी आली की लिहीन, मिरची, तुझं झाड लागलं." माफीबिफी असले शब्द त्यांच्या तोंडी कधी नव्हते. पण रोज संध्याकाळी बागेतून आले की आधी मागच्या अंगणात जायचे आणि मग चहा. दिवसभर झाडांत राबून आलेला माणूस.

हे मी आधीच लिहायला हवं होतं. लिहिलं नाही, कारण तुझं समाधान झालं असतं आणि तू आली नसतीस. मला तू यायला हवी होतीस. या घरात आवाज करायला आता मशीनच आहे.

गळलेल्या काड्या फेकवल्या नाहीत. बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत. त्यातली एक सोबत पाठवते. तुझीच आहे.

वहिनी


१९ मार्च

वहिनी,

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. पहिल्यात लिहिलं होतं की ही रोपं नाजूक असतात, थंडीने गेलं असेल, तुझा काही दोष नाही. चांगल्या अक्षरात लिहिलं, पाकीट चिकटवलं, तिकीट लावलं. टपालपेटीशी जाऊन परत आले. तू माझं मन राखायला खोटं लिहिलंस त्याचं काय झालं ते आपण बघितलं. आता मी तुझं राखायला लिहायचं, हे मला जमेना. तुला हे वाचून त्रास होईल. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळलं तर जास्त होईल, कारण बागेतला कुठलाही माळी कधीतरी सहज बोलून जाईल.

तुझी काडी मी भिंगाखाली ठेवली आणि शेजारी खणातला दगड. तीच आहे. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. देठाचं टोक गुळगुळीत आहे, जखम आधीच बंद केलेली. मोडलेली काडी अशी दिसत नाही. वहिनी, मेलेलं झाड पानं सोडत नाही. ती तिथेच वाळतात आणि फांदीला चिकटून राहतात. पान गाळायलाही जीव लागतो. आजोबा जिवंत होते. हे झाड दर हिवाळ्यात असंच करतं, सगळं उतरवून काठी होऊन उभं राहतं आणि मार्चमध्ये पुन्हा पालवतं. दालनातल्या दोघांना गेल्या आठवड्यात पालवी आली. तू पाणी घातलं नाहीस त्याने काही बिघडलं नव्हतं.

दादाने हे तुला सांगितलं नाही, कारण हिवाळ्यात तो असणारच होता. मी रोपासोबत निगेची एक ओळ घातली नाही, कारण मुख्य माळ्याला काय शिकवायचं, हा माझा तोरा. पण डिसेंबरमध्ये मला सगळं माहीत होतं. "घाबरू नकोस, थंडीत ते उघडं होतं," एवढं लिहिलं असतं तर आज ते अंगणात असतं. मी मुद्दाम लिहिलं नाही. तुझं उत्तर तपासायचं होतं मला. तू काठी म्हणालीस तर झाड माझं, हिरवं म्हणालीस तर दादाने फेकलं. सतरा वर्षं दगडातल्या गळलेल्या पानांवरून मी झाडाचं सगळं सांगते, आणि भावजयीच्या एका पत्रावरून मला ती घाबरली आहे एवढं कळलं नाही. नंतर यायची धमकी दिली. आणि आले नाही, कारण त्याने फेकलेलं बघायची माझी छाती होईना. तू ते एका रविवारसाठी कापलंस आणि तो रविवारही मी पाळला नाही.

त्याने ते लावलं होतं. मार्चमध्ये लिहिणार होता. आज एकोणीस तारीख आहे. त्याचं ते पत्र मला या आठवड्यात आलं असतं.

"तुझ्यामुळे" हे मी एकदा चुकीच्या माणसाला म्हणाले. या वेळी ते माझं मी घेते. करवत तुझ्या हातात होती, पण तुझी चूक म्हणून मी कधी काही बोलणार नाही. बोलायला मला जागाच नाही.

तुझी,
मिरची


३० मार्च

मिरची,

तू खरं लिहिलंस ते बरं केलंस. पण सगळा दोष उचलून एकटीच चालू लागलीस, हे तुझं जुनं दुखणं आहे. पूर्वी सगळा दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवायचीस, आता सगळा स्वतःच्या. त्यातला माझा वाटा मला दे. मी तुला अजून एक गोष्ट सांगितलेली नाही.

बुधवारी कापलं असं लिहिलं, कसं कापलं ते लिहिलं नाही. त्यांची छाटणीची करवत घेतली, जमिनीवर बसले आणि ओढायला लागले. अंगठ्याहून थोडं जाड खोड होतं. तिसऱ्या-चौथ्या ओढीला सालीखाली हिरवं दिसलं. पोपटी, ओलं. बोटांना चिकटलं. झाडातलं मला कळत नाही असं मी सगळ्यांना सांगते, पण सव्वीस वर्षं त्या माणसाबरोबर राहिले. नखाने साल खरवडून "हिरवं आहे, म्हणजे आहे अजून," असं म्हणताना त्यांना मी हजारदा बघितलं आहे. मी थांबले. करवत खोडात तशीच अडकलेली. निम्म्याहून कमीच गेली होती. तेव्हा शिवणातली चिंधी ओली करून घट्ट बांधली असती तर कदाचित सांधलंही असतं. चिंध्यांना माझ्याकडे तोटा नाही.

तुझी भीती होती, रविवार जवळ आला होता, हे सगळं खरं. पण थांबले तेव्हा माझ्या मनात तू नव्हतीस. माझ्या मनात आलं, हे जिवंत आहे. माझा माणूस भिंतीला टेकून बसल्या जागी गेला, कुणाला कळलंसुद्धा नाही, आणि हे मात्र पाण्यावाचून, पानांवाचून, कुणी बघत नसताना जिवंत आहे. मला त्याचा राग आला. इतका राग मला आजवर कुणाचाच आला नव्हता, तुझासुद्धा. मग मी पुन्हा करवत ओढली आणि पडेपर्यंत थांबले नाही. पडल्यावर कितीतरी वेळ त्याच्याजवळ बसून राहिले. ते गेले त्या दिवशी रडले नव्हते तेवढी रडले.

हे तुझ्या भावाला सांगता येत नाही, म्हणून तुला सांगते. "तुझ्यामुळे" हे वाक्य तू स्वतःकडे घेतलंस, ते मला परत दे. बाबांच्या वेळी ते खरं नव्हतं. या वेळी ते खरं आहे आणि माझं आहे. म्हणायचं असेल तर पत्रात म्हणू नकोस. ये आणि माझ्यासमोर उभी राहून म्हण. मी मध्ये बोलणार नाही. त्यांनीही ऐकूनच घेतलं होतं.

तुझी,
वहिनी